डेबियनच्या इन्स्टॉलरमधले बंदिस्त फर्मवेअर: २०२२ च्या ठरावाचा प्रकरण अभ्यास

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मुक्त, म्हणजे स्रोत पाहता, बदलता आणि वाटता येणारी, संगणकप्रणाली आहे. तिच्या ११ व्या आवृत्तीची अधिकृत नेटइन्स्ट इमेज (बाकीचे भाग इंटरनेटवरून आणणारी छोटी इन्स्टॉल-फाइल) यूएसबीवर उतरवली आणि इथरनेट पोर्ट नसलेल्या लॅपटॉपवर इन्स्टॉलर सुरू केला, तर भाषा आणि कीबोर्ड निवडेपर्यंत सगळे सुरळीत चालते. नेटवर्कच्या पायरीवर सूचना येते: वायफाय कार्डाला अमुक नावाची फाइल हवी आहे, ती असलेला पेनड्राइव्ह जोडा. ती फाइल मिळवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेट चालायला ती फाइल हवी. दुसरा संगणक हाताशी नसेल तर काम तिथेच थांबते. डेबियनच्याच सर्व्हरवर, 'अनऑफिशियल' नावाच्या फोल्डरात बरीच आत, फर्मवेअर (कार्डाला लागणाऱ्या अशा बंदिस्त, म्हणजे स्रोत खुला नसलेल्या, फाइली) घातलेली तयार इमेज ठेवलेली असे. ती बनवणारे लोक अधिकृत इमेज बनवणारेच होते. फक्त तिच्याकडे मुख्य पानावरून सरळ बोट दाखवायचे नाही, असा संकेत होता.

हा संकेत २०२२ च्या ऑक्टोबरात मोडला. तो कसा आणि कोणत्या अटींवर मोडला, हे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. "मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने बंदिस्त प्रोग्राम बसवू द्यावेत का?" हा प्रश्न सहसा ज्या स्वरूपात विचारला जातो, त्या स्वरूपात त्याला उत्तरच नाही. मुक्त परवान्याची प्रणाली वापरणाऱ्याला तिच्यावर काहीही बसवता येते. अडवायचे म्हटले तर तो परवाना मुक्त राहत नाही. खरे प्रश्न चार आहेत. बंदिस्त फाइल प्रकल्पाने स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची का? ती आपोआप चालू करायची की विचारून? वापरणाऱ्याला ते कळवायचे कसे? आणि पुढची सुधारित आवृत्ती त्याच्यापर्यंत कोण पोहोचवणार? डेबियनच्या प्रकरणात या चारही प्रश्नांची लेखी उत्तरे सापडतात.

अडते कुठे

वायफाय कार्ड, ग्राफिक्स कार्ड, ध्वनीची चिप, ब्लूटूथ या प्रत्येकात एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्याचा स्वतःचा प्रोग्राम असतो. तो प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. पूर्वी तो कार्डावरच्याच रॉम किंवा फ्लॅशमध्ये भरलेला येई. खर्च वाचवण्यासाठी आणि विक्रीनंतरही दुरुस्त्या करता याव्यात म्हणून उत्पादकांनी तो कार्डाबाहेर काढला. आता चालू होताना कार्ड रिकामे असते. ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) कर्नलकडे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे, फाइल मागतो, कर्नल ती 'लिब' मधल्या 'फर्मवेअर' फोल्डरातून काढून कार्डात भरतो. फाइल सापडली नाही तर कर्नलच्या नोंदीत 'फेल्ड विथ एरर -२' असे येते. -२ चा अर्थ एवढाच की त्या नावाची फाइल नाही. कार्ड बिघडलेले नसते आणि ड्रायव्हरही ठीक असतो.

वायफायपुरती अडचण असती तर तात्पुरती केबल लावून भागले असते. पण एएमडीच्या अलीकडच्या ग्राफिक्स कार्डांना फर्मवेअर मिळाले नाही तर बसवलेली प्रणाली सुरू होताना पडदा काळा राहतो किंवा अगदी निकृष्ट रिझोल्यूशनवर अडकतो. इंटेलच्या नव्या लॅपटॉपांत ध्वनीलाही फर्मवेअर लागते. यातली गंभीर बाब सहज नजरेतून सुटते: डेबियनचा इन्स्टॉलर अंध वापरकर्त्यांसाठी बोलून सूचना देतो, आणि ध्वनीच नसेल तर त्यांना पहिली पायरीसुद्धा ओलांडता येत नाही. इमेज बनवणाऱ्या गटाच्या स्टीव्ह मॅकिन्टायर यांनी २०२२ च्या एप्रिलमध्ये हा विषय प्रकल्पापुढे मांडला तेव्हा हा मुद्दाही पुढे ठेवला होता. तो या वादातला सर्वांत वजनदार मुद्दा होता. वायफाय नसणे ही गैरसोय असते. इथे मात्र प्रणालीचे दारच बंद होते.

दुसरी गंभीर बाब मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामची. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले दोष जाहीर झाले. त्यांवरच्या उपायांपैकी काही इंटेल आणि एएमडीच्या मायक्रोकोडच्या नव्या आवृत्तीशिवाय पुरे होत नाहीत. मायक्रोकोडची जुनी आवृत्ती प्रोसेसरमध्ये कारखान्यातूनच असते आणि तीही बंदिस्तच. म्हणजे 'शुद्ध' प्रणाली वापरणाऱ्याकडेही बंदिस्त मायक्रोकोड असतोच, फक्त दोषासकट.

करार काय म्हणत होता

डेबियनचा सामाजिक करार ५ जुलै १९९७ रोजी संमत झाला. त्यातली तीन कलमे या वादाच्या मुळाशी आहेत. पहिले कलम: डेबियन शंभर टक्के मुक्त राहील. चौथे: आमचे प्राधान्य वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर यांना. पाचवे: काही वापरकर्त्यांना मुक्त नसलेल्या गोष्टी लागतात हे आम्ही मान्य करतो. त्यांच्यासाठी 'कॉन्ट्रिब' आणि 'नॉन-फ्री' असे वेगळे विभाग आहेत; ते डेबियनचा भाग नाहीत, पण त्यांच्यासाठी आमची यंत्रणा, म्हणजे दोषनोंदणी, मेलिंग लिस्ट वगैरे, उपलब्ध राहील.

पाचव्या कलमाने सुरुवातीपासूनच "ठेवायचे का" या प्रश्नाला हो म्हटले होते. मार्च २००४ मध्ये नॉन-फ्री विभाग काढून टाकण्याचा प्रस्ताव मतदानाला आला आणि तो राखण्याच्या बाजूने निकाल लागला. मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणारी संस्था फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आपल्या शिफारशीच्या यादीत डेबियनला घेत नाही, त्यामागे हेच कारण आहे. फाउंडेशनच्या निकषानुसार प्रकल्पाने बंदिस्त प्रोग्राम स्वतः ठेवायचे नाहीत आणि त्यांच्याकडे वाटही दाखवायची नाही.

पेच वाढला तो २००४ च्या एप्रिलमधल्या दुरुस्तीने. करारातली 'सॉफ्टवेअर' या शब्दाभोवतीची वाक्ये बदलून प्रणालीतला प्रत्येक घटक मुक्त असला पाहिजे, असे स्पष्ट झाले. बदल 'संपादकीय' म्हणून मांडला होता, परिणाम मात्र मोठा निघाला: कर्नलमध्ये असलेल्या स्रोतहीन फर्मवेअर फाइलीही आता नियमात बसेनात. सार्ज नावाची पुढची आवृत्ती अडून बसू नये म्हणून लगेच दुसरा ठराव करून अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली. सार्ज जून २००५ मध्ये निघाली. नंतरच्या एच आणि लेनी या आवृत्त्यांसाठीही वेगळे ठराव करून सवलत घ्यावी लागली. फेब्रुवारी २०११ च्या स्क्वीझपासून कर्नल पूर्ण मुक्त झाला आणि बंदिस्त फाइली नॉन-फ्री विभागात गेल्या.

तत्त्व स्वच्छ झाले. पण त्याच सुमारास लॅपटॉपांवरचे इथरनेट पोर्ट नाहीसे होऊ लागले आणि फर्मवेअर मागणाऱ्या चिपांची संख्या वाढत गेली.

२०२२ चे सहा पर्याय

ऑगस्टमध्ये औपचारिक प्रस्ताव आला आणि १८ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या काळात डेबियनच्या विकासकांनी मतदान केले. डेबियनमध्ये मतदार पर्यायांना पसंतीक्रम देतात आणि प्रत्येक पर्यायाची इतर प्रत्येकाशी जोडीने तुलना होते. 'यांपैकी काहीही नको' हाही पर्याय असतो. सामाजिक करारासारखा पायाभूत दस्तऐवज बदलायचा असेल तर त्या 'काहीही नको' ला तीनास एक अशा बहुमताने हरवावे लागते.

सहा पर्यायांचा गाभा असा होता. एक: फर्मवेअरसह एकच अधिकृत इन्स्टॉलर, करार तसाच. दोन: दोन्ही इमेज ठेवा, शिफारस फर्मवेअर असलेलीची. तीन: दोन्ही शेजारी शेजारी दाखवा, शिफारस कोणाचीच नको. चार: बंदिस्त फर्मवेअर असलेला इन्स्टॉलर डेबियनचा भाग नाही, असे ठाम सांगा. पाच: करार दुरुस्त करा आणि एकच इन्स्टॉलर ठेवा. सहा: करार दुरुस्त करा, पण दोन्ही इन्स्टॉलर ठेवा.

पाचवा पर्याय निवडून आला, म्हणजे तीनास एकची अवघड अट पार करून. पहिल्या आणि पाचव्या पर्यायात वापरणाऱ्याच्या हाती पडणारी इमेज सारखीच. फरक फक्त कागदावरचा, पण तोच महत्त्वाचा. पहिला पर्याय जिंकला असता तर "शंभर टक्के मुक्त" असे वचन देणारा प्रकल्प वचनाला हात न लावता बंदिस्त फाइली अधिकृत इमेजमध्ये घालत राहिला असता. पुढचा प्रत्येक अपवाद अर्थ लावण्याच्या कसरतीवर उभा राहिला असता. पाचव्या पर्यायाने करारात एक वाक्य जोडले: ज्या हार्डवेअरला गरज आहे तिथे डेबियन चालावे म्हणून अधिकृत माध्यमांवर डेबियनचा भाग नसलेले फर्मवेअर असू शकते. अपवाद एकाच जागी, एकाच प्रकारच्या वस्तूपुरता, लिहून घेतलेला. वचन वाकवण्यापेक्षा ते उघडपणे दुरुस्त करणे केव्हाही बरे, आणि डेबियनच्या मतदारांनी अवघड बहुमताची वाट धरून तेच केले याबद्दल त्यांना मानले पाहिजे.

ठरावात चार अटी होत्या. फर्मवेअरसाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' असा स्वतंत्र विभाग असेल. गरज दिसेल तिथे ते आपोआप चालू होईल, पण शक्य तिथे बूट करतानाच ते बंद करण्याची सोय असेल. कोणते फर्मवेअर भरले गेले, मुक्त आणि बंदिस्त दोन्ही, हे वापरणाऱ्याला सांगितले जाईल आणि त्याची नोंद बसवलेल्या प्रणालीवरही ठेवली जाईल. ज्या यंत्राला बंदिस्त फर्मवेअर लागले त्याच्या एपीटीच्या (पॅकेजे उतरवून बसवणाऱ्या प्रोग्रामच्या) स्रोतयादीत तो विभाग जोडला जाईल, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या इतर पॅकेजांसारख्याच पोहोचतील.

नवा विभाग कशासाठी

स्वतंत्र विभागाची ही तांत्रिक वाटणारी अट संपूर्ण ठरावातला सर्वांत उपयोगी भाग आहे. आधी एखाद्याला फक्त इंटेलच्या वायफायची एक फाइल हवी असे, तरी त्यासाठी सगळा नॉन-फ्री विभाग उघडावा लागे. मग त्या विभागातले एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डांचे ड्रायव्हर, बंदिस्त उपयोजने, मुक्त नसलेले दस्तऐवज, सगळेच एपीटीच्या शोधात दिसू लागत आणि दुसऱ्या पॅकेजच्या शिफारशीतून नकळत उतरण्याची वाट मोकळी होई. कार्डाच्या चिपमध्ये चालणारी फाइल आणि मुख्य प्रोसेसरवर, वापरणाऱ्याच्या फाइली वाचू शकणारा प्रोग्राम, या दोन अगदी वेगळ्या जोखमी एकाच दारातून आत येत होत्या. १० जून २०२३ रोजी निघालेल्या डेबियन १२ पासून हे दार दोन झाले.

यंत्रावर प्रत्यक्ष काय करायचे

बंदिस्त काहीही नको असेल तर इन्स्टॉलरच्या बूट मेनूत कर्नलच्या ओळीच्या शेवटी 'फर्मवेअर=नेव्हर' हा पर्याय लिहायचा. मग इन्स्टॉलर फर्मवेअर शोधतच नाही. ही ओळ लिहिण्यापूर्वी यंत्राला केबलने नेटवर्क मिळते का आणि त्याचे ग्राफिक्स फर्मवेअरशिवाय चालते का, हे पाहून घ्यावे.

प्रणाली आधीच बसवलेली असेल तर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, कर्नलच्या नोंदीत 'फर्मवेअर' हा शब्द शोधायचा. भरलेल्या आणि न सापडलेल्या फाइलींची नावे तिथे मिळतात. दुसरी, 'चेक-डीएफएसजी-स्टेटस' हे छोटे पॅकेज बसवून चालवायचे. पूर्वी ते 'व्हीआरएमएस' नावाने ओळखले जाई. कॉन्ट्रिब आणि मुक्त नसलेल्या विभागांतून काय बसले आहे याची यादी ते देते.

एखादेच पॅकेज हवे आणि बाकी विभाग बंद ठेवायचा असेल तर एपीटीची प्राधान्ये वापरावीत. विभाग स्रोतयादीत जोडायचा. मग प्राधान्याच्या फाइलीत सर्व पॅकेजांसाठी, घटक नॉन-फ्री-फर्मवेअर असेल तेव्हा, प्राधान्य -१ द्यायचे, आणि हव्या त्या पॅकेजच्या नावाने, उदाहरणार्थ 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय', वेगळी नोंद करून ५०० द्यायचे. नावाने केलेली नोंद सर्वसाधारण नोंदीला मागे टाकते. ऋण प्राधान्य असलेले पॅकेज एपीटी बसवत नाही. सुधारणाही फक्त त्या एका पॅकेजच्या येत राहतात. हा उपाय थोडा किचकट आहे, पण ज्याला आपल्या यंत्रावरच्या बंदिस्त फाइलींची संख्या नेमकी माहीत असायला हवी आहे, त्याच्यासाठी याहून नेटका मार्ग नाही.

पॅकेज काढून टाकले म्हणून फर्मवेअर लगेच थांबत नाही. कार्डात भरलेला प्रोग्राम पुन्हा बूट होईपर्यंत तिथेच चालू राहतो. काही फाइलींची प्रत सुरुवातीच्या रॅमडिस्कमध्ये, म्हणजे बूट होताना आधी स्मृतीत भरल्या जाणाऱ्या प्रतिमेतही, असते; पॅकेज काढताना ती प्रतिमा पुन्हा बांधली गेली आहे ना, हे तपासावे.

काय बिघडते

सर्वांत जास्त लोक अडकले ते डेबियन ११ वरून १२ वर येताना. त्यांच्या यादीत नॉन-फ्री विभाग आधीपासून होता, म्हणून आपले फर्मवेअर सुरक्षित आहे असे त्यांना वाटले. पण पॅकेजे नव्या विभागात हलली होती. नवे नाव यादीत जोडले नाही तर जुनी आवृत्ती यंत्रावर तशीच राहते, कार्ड चालत राहते आणि चूक लक्षात येत नाही. सुधारणा मात्र थांबलेल्या असतात, मायक्रोकोडच्या सुरक्षा-दुरुस्त्यांसकट. पुढे नवा कर्नल नव्या नावाची फाइल मागू लागला की वायफाय एकाएकी बंद पडते आणि दोष कर्नलला दिला जातो. डेबियन १२ चे एपीटी यादी ताजी करताना या बदलाची सूचना दाखवते. ती त्रासदायक वाटली तरी आधी वाचावी आणि विभाग जोडावा किंवा नको असल्याचे ठरवावे. मगच ती बंद करावी.

दुसरी अडचण ठरावाने सुटण्यासारखी नव्हती. अधिकृत इमेजवर फाइल ठेवायला ती निदान कायद्याने वाटता यायला हवी. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या वायफाय चिपांच्या फाइली उत्पादकाच्या ड्रायव्हरमधून कापून काढाव्या लागतात आणि त्या वाटण्याची परवानगी नाही. म्हणून त्यांच्यासाठी कॉन्ट्रिबमध्ये एक पॅकेज आहे, जे बसवताना ती फाइल बाहेरून उतरवून घेते, म्हणजे त्याला आधी नेटवर्क लागते. या चिपांसाठी सुरुवातीची कोंडी डेबियन १२ नंतरही तशीच आहे. अशा यंत्रावर केबल किंवा फोनचे यूएसबी टेदरिंग हाच खात्रीचा मार्ग.

इतरांनी रेघ कुठे ओढली

अशाच मुक्त प्रणालींपैकी फेडोरा वाटता येणारे बंदिस्त फर्मवेअर अपवाद म्हणून स्वीकारते, पण ते मुख्य प्रोसेसरवर चालणारे नसावे अशी अट घालते. ओपनबीएसडीची भूमिका याच्या जवळची: कर्नलमध्ये स्रोतहीन ड्रायव्हर अजिबात नाही, मात्र परवाना मोकळा असलेले फर्मवेअर मूळ संचात आणि बाकीचे वेगळ्या सर्व्हरवरून स्वतंत्र आज्ञेने. गिक्स आणि ट्रिस्क्वेल दुसऱ्या टोकाला आहेत. ते लिनक्स-लिब्रे कर्नल वापरतात, ज्यात बंदिस्त फाइलींची नावेच खोडलेली असतात आणि ड्रायव्हरची मागणी नाकारली जाते. कोणती फाइल हवी होती हे नोंदीतून कळत नाही आणि वापरणाऱ्याने स्वतः आणून ठेवली तरी ती भरली जात नाही. शिफारस न करणे समजण्यासारखे आहे. पण आपल्या यंत्राला काय हवे आहे ही माहिती वापरणाऱ्यापासून दूर ठेवणे हे स्वातंत्र्याच्या नावाने केलेले नुकसान आहे.

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या हार्डवेअर प्रमाणपत्रातही एक फट आहे. दुय्यम प्रोसेसरमधला प्रोग्राम विक्रीनंतर बदलण्याचा हेतू नसेल, तर तो हार्डवेअरचाच भाग मानला जातो. म्हणजे तीच फाइल चिपवर कायमची कोरली तर चालते, आणि डिस्कवरून भरली तर चालत नाही. प्रत्यक्षात डिस्कवरची फाइल तपासता येते, तिची आवृत्ती कळते, सदोष निघाली तर बदलता येते आणि उद्या कोणी मुक्त पर्याय लिहिला तर तिच्या जागी ठेवता येते. कोरलेल्या प्रोग्रामबाबत यातले काहीच शक्य नसते.

तो मुक्त पर्यायही स्वाक्षरीपाशी अडू शकतो. इंटेलच्या ध्वनीच्या चिपांसाठीचे साउंड ओपन फर्मवेअर याचे उदाहरण आहे. त्याचा स्रोत खुला आहे, पण बऱ्याच लॅपटॉपांतली चिप फक्त इंटेलने सही केलेली फाइलच स्वीकारते. स्रोत बदलून स्वतः बांधलेली फाइल तिथे चालत नाही. म्हणून डेबियनमध्ये सही केलेले पॅकेज नॉन-फ्री-फर्मवेअरमध्येच आहे, आणि ते योग्यच आहे.

जिथे लक्ष ठेवायला हवे

ठरावाचा गाभा बरोबर होता, तरी दोन बाबी राहून गेल्या. पहिली, सहाव्या पर्यायातली शुद्ध इमेज. ती राखायला खर्च येतो हे खरे: प्रत्येक इमेज बांधावी आणि तपासावी लागते, आणि दुहेरी संचाच्या ओझ्यानेच तर हा विषय पुढे आला. पण पूर्ण संच राखण्याची गरज नव्हती. नेटइन्स्टची एकच छोटी इमेज, फर्मवेअरचे पॅकेज वगळून त्याच यंत्रणेतून बांधली असती तर ज्यांना माध्यमावरही बंदिस्त फाइल नको आहे त्यांची सोय झाली असती. 'फर्मवेअर=नेव्हर' फाइल वापरत नाही, पण ती हातातल्या पेनड्राइव्हवर असतेच.

दुसरी बाब अधिक मोठी. 'फर्मवेअर' या शब्दाची सीमा ठरावात कुठेही आखलेली नाही. वायफायची फाइल साधारण एक-दीड मेगाबाइटची असते. मे २०२२ मध्ये एनव्हीडियाने ट्युरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांसाठी कर्नलचे ड्रायव्हर खुले केले, आणि त्याचे स्वागत झाले. पण आधी ड्रायव्हरमध्ये असलेले बरेचसे काम कार्डावरच्या जीएसपी नावाच्या प्रोसेसरकडे गेले आहे, आणि त्याचे फर्मवेअर दहा मेगाबाइटांहून कितीतरी मोठे आहे. लिनक्स ६.७ पासून एनव्हीडियाच्या कार्डांसाठीचा मुक्त नूवो ड्रायव्हरही त्याचा आधार घेऊ शकतो. बंदिस्त प्रोग्राम मुख्य प्रोसेसरवरून हलवून कार्डात नेला की तो आपोआप अपवादात बसतो. उत्पादकांना ही वाट सोयीची आहे आणि तिच्यावरून पुढे आणखी बरेच काही येणार.

म्हणून या विभागात पॅकेज घेताना डेबियनने तीन गोष्टी विचारून त्यांची उत्तरे पॅकेजच्या वर्णनात लिहावीत. ही फाइल कोणत्या प्रोसेसरवर चालते, आणि तिला मुख्य स्मृतीत थेट पोहोचता येते का? तिच्याविना ते हार्डवेअर मुक्त ड्रायव्हरने अंशतः तरी चालते का? आणि बदललेली फाइल चिप स्वीकारते की सही मागते? ही उत्तरे मशीनला वाचता येतील अशा नोंदीत असली तर इन्स्टॉलरची यादी फक्त फाइलींची नावे दाखवून थांबणार नाही. हार्डवेअर विकत घेण्याआधीच कोणालाही दोन कार्डांत तुलना करता येईल.